मालक उठला, हॉटेल उठले नाही

१ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे ही बंदी १९९३ पासूनच होती. नदीच्या एका काठावर परमिट रूमचे दिवे आणि दुसऱ्या काठावर अधिकृत अंधार, अशी जी स्थिती सुमारे बावीस वर्षे होती, ती त्या दिवशी संपली. पुढे २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. पावसाळा सुरू झाला आणि दिवे पुन्हा लागले.

या सहा वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बंदीच्या मागे जिल्ह्यातील स्त्रियांचा दीर्घ लढा होता. डिसेंबर २०१० मध्ये त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या. ज्या घरांत दारूने संसार मोडले, त्या घरांतून ती मागणी आली होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बंदी उठवताना महसूल, अवैध विक्री, गुन्हेगारी यांचे हिशेब मांडले गेले. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद येथे सोडवायचा नाही. या धाग्याचा प्रश्न निराळा आहे. परमिट रूम बंद झाली तेव्हा परवाना मालकाच्या नावावर होता. सहा वर्षांनी परवाने पुन्हा जिवंत झाले तेही मालकांच्याच नावावर. परंतु त्या खोलीत रोज रात्री एकमेकांच्या हाताला हात लावून काम करणारी सहा-आठ माणसांची जी जुळणी होती, तिचा कोठलाही दाखला कोणत्याही कार्यालयात नव्हता. खुर्च्या गोदामात ठेवता येतात. जुळणी ठेवता येत नाही.

तर मग हॉटेलातील ही जुळणी नेमकी कोणाची मालमत्ता? मालकाने हात झटकले की ती संपते, की मालकाशिवायही जगू शकते? भारताच्या इतिहासात या प्रश्नाचे एक सणसणीत उत्तर आहे. ते १९५७ आणि १९५८ या दोन वर्षांत दिले गेले, आणि देणारे सगळे वाढपी, आचारी आणि बशा विसळणारे होते.

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी जुळणी म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे, कारण गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. चांगली असेल तर मुळीच दिसत नाही.

ब्रह्मपुरी हे शिक्षणाचे आणि दवाखान्यांचे गाव. आजूबाजूच्या तालुक्यांतून आणि नदीपलीकडून रोज माणसे येतात, आणि दुपारी एकच्या सुमारास त्यांतली बरीच एकाच वेळी जेवायला बसतात. अशा गावातल्या वीस टेबलांच्या भोजनालयात त्या दीड तासात काय घडते, हे मोरीपासून पाहावे. मोरीवरचा माणूस दहा मिनिटे जागेवर नसला, की पहिल्यांदा वाट्या संपतात. वाट्या नाहीत म्हणून वरण अडते. वरण अडले म्हणून वाढलेला भात निवतो. भात निवला म्हणून गिऱ्हाईक वाढप्यावर खेकसते, आणि वाढपी आत जाऊन आचाऱ्यावर. दोष ज्याचा, त्याच्यापर्यंत तो शब्द कधी पोहोचतही नाही. याउलट, जुळलेल्या हॉटेलात वाढपी दारातून येणारी माणसे मोजून आत नुसती चार बोटे दाखवतो. ती माणसे टेकेपर्यंत चार ताटे पुसलेली असतात. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत वाढपी गिऱ्हाइकाच्या पाठीमागून गल्ल्याकडे नुसती रक्कम ओरडत असे. कागदाचा कपटाही लागत नसे. बारमध्ये आणखी एक कसब लागते. कोणत्या टेबलाला पुढचा पेग उशिरा न्यायचा, कोणाशी बोलायला कोणी जायचे, हे दोन वाढप्यांनी डोळ्यांनीच ठरवायचे असते. ही विद्या कोणा एकाच्या डोक्यात नसते. ती माणसांच्या मधल्या जागेत असते, म्हणूनच एकेकाला वेगळे केले की ती उरत नाही.

पाश्चात्त्य देशांत या विद्येला पहिले शिस्तबद्ध रूप दिले ते ओग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याचा स्वयंपाकी होता. पुढे १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम करताना त्याने स्वयंपाकघराची मांडणी पलटणीसारखी केली. रस्से एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, गोड तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक पदार्थ या हातांतून त्या हातांत जात पूर्ण व्हायचा. वेळ वाचला आणि आरडाओरडही कमी झाली. १८९८ मध्ये हॉटेलच्या संचालकांनी त्याला आणि व्यवस्थापक सेझार रिट्झ याला कामावरून काढले. आरोप गैरव्यवहाराचे होते, आणि ते निराधार नव्हते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट त्यानंतरची आहे: त्यांच्यामागे स्वयंपाकघरातली कित्येक माणसेही सॅव्हॉय सोडून निघाली. इमारत, भट्ट्या, चांदीची भांडी सगळे संचालकांकडे राहिले, पण ज्याला लोक सॅव्हॉयचे जेवण म्हणत होते ते दारातून बाहेर पडले. तरीही तेथे जुळणी एका सरदाराच्या भोवती होती. सरदार जाईल तेथे पलटण जाते, ही गोष्ट जुनीच आहे. सरदार नसताना पलटण उभी राहते का, हा खरा प्रश्न होता.

भारतातील उत्तराची सुरुवात कॉफीच्या पडलेल्या भावापासून होते.

१९३० च्या दशकातील जागतिक मंदीत दक्षिणेतील कॉफीचे मळेवाले अडचणीत आले. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून देशात कॉफीचा प्रचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. चहाने देश आधीच जिंकलेला होता (झाडीपट्टीत तर आजही पाहुण्याला विचारतात ते चहाचेच). लोकांना कॉफी प्यायला लावायची तर ती नीट करून समोर ठेवली पाहिजे, असा विचार करून १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ तुटली. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाच्या हाती देशातील सारी कॉफी गोळा करून विकण्याचे अधिकार आले, आणि कॉफी हाउसे शहरोशहरी वाढत गेली. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ मध्येच कॉफी हाउस सुरू झाले. पांढरा गणवेश, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर तुऱ्याचा फेटा, असा वाढप्यांचा थाट असे. साहेबांच्या क्लबातून आलेला हा वेश साहेब गेल्यावरही राहिला, आणि पुढे ज्यांनी मालकशाहीच मोडीत काढली त्यांनीही तो अभिमानाने डोक्यावर ठेवला. इतिहासाचे असे विनोद अनेकदा कपड्यांतच सापडतात.

येथे एक बारकावा आहे आणि त्यावाचून पुढची घटना कळत नाही. बोर्डाच्या दृष्टीने कॉफी हाउस हे हॉटेल नव्हतेच. ती जाहिरात होती. बोर्डाला कप विकायचा नव्हता, बी विकायचे होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात कॉफीचा खप पुरेसा वाढला, तेव्हा जाहिरातीचा खर्च चालू ठेवण्याचे कारण उरले नाही. बोर्डाने कॉफी हाउसे बंद करण्याचे ठरवले आणि कामगारांच्या हाती कपातीच्या नोटिसा पडू लागल्या. जाहिरात संपली की फलक उतरवतात. येथे फलकाच्या जागी माणसे होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षे त्या कपबश्यांत घातली होती.

या कामगारांची एक संघटना आधीपासून होती आणि तिचे नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाचे लोकसभेतील नेते ए. के. गोपालन करीत होते. कपातीविरुद्ध निदर्शने, निवेदने, मागण्या हे सगळे झालेच. पण गोपालन यांनी कामगारांपुढे आणखी एक प्रस्ताव ठेवला, आणि त्या काळच्या कामगार चळवळीला तो थोडा अवघडच होता. बोर्डाला चालवायचे नसेल तर चालवू नये. जे आजवर प्रत्यक्ष चालवत आले त्यांच्या सहकारी संस्थांकडे कॉफी हाउसे सोपवावीत. सरकारशी बोलणी झाली आणि बोर्डाने ते मान्य केले. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूर येथे कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत कामगारांचे पहिले कॉफी हाउस उघडले. नावात एका अक्षराची भर पडली. बोर्डाचे ते ‘इंडिया कॉफी हाउस’, कामगारांचे ते ‘इंडियन कॉफी हाउस’.

केरळात १९५७ मध्येच ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे मंत्रिमंडळ आले होते. तेथे १० फेब्रुवारी १९५८ रोजी त्रिशूरची संस्था नोंदली गेली आणि ८ मार्चला तिचे पहिले कॉफी हाउस सुरू झाले. एन. एस. परमेश्वरन पिळ्ळै हे तिचे संस्थापक सचिव. स्वतः कॉफी बोर्डाच्या नोकरीतून आलेल्या या गृहस्थांनी पुढे कॉफी हाउसांचा इतिहास मल्याळममध्ये लिहून ठेवला. हॉटेलातील कामगाराने आपल्या धंद्याचा इतिहास आपणच लिहावा, हे भारतात फार वेळा घडलेले नाही. कोलकात्यात १९५८ मध्ये कॉफी हाउस बंद झाले तेव्हा विद्यापीठाच्या आणि प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापकांनी ते पुन्हा उघडावे म्हणून शब्द टाकला, आणि त्याच वर्षी ते उघडले. मध्य भारतात जबलपूर आणि नागपूर येथे कामगारांच्या वेगवेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. ही दोन्ही शहरे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच मध्य प्रदेश राज्यात होती आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि कॉफी पाजणाऱ्यांचेही दोन संसार झाले. चांदा जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तहसिलीतून कामानिमित्त नागपूरला जाणाऱ्याला गोंदिया-चांदा या अरुंद मापाच्या मार्गाने नागभीडला जाऊन तेथून नागपूरची गाडी धरावी लागे.

या संस्था टिकल्या का? याचे साधे उत्तर असे दिले जाते की लढा मोठा होता, नेता मोठा होता. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच काळात सहकाराच्या नावाने नोंदलेल्या कितीतरी संस्था कागदावरच विरून गेल्या. त्यांच्याकडेही घटना होती, शिक्का होता, अध्यक्ष होता. कॉफी हाउसच्या कामगारांकडे जे होते ते नोंदणीच्या आधीपासून होते. बी भाजून दळणारा, कॉफी करणारा, आचारी, वाढपी, मोरीवरचा, हिशेबनीस, सगळे एकाच पद्धतीत तयार झालेले आणि वर्षानुवर्षे एकाच छताखाली राबलेले. त्यांना बोर्डाने एकेकटे विखरून टाकले असते, तर उत्तम वाढप्याला दुसरीकडे वाढप्याचे काम मिळाले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. ते अख्ख्या जुळणीने बाहेर पडले. भांडवल तुटपुंजे होते, जागा भाड्याच्या होत्या. सकाळी दार उघडल्यावर कोणी काय करायचे, हे मात्र एकालाही शिकवावे लागले नाही. सहकारी कायद्याने आधीच अस्तित्वात असलेल्या गोष्टीला नाव दिले.

झाडीपट्टीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. ब्रह्मपुरीसमोर नदीपलीकडे वडसा आहे आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांचे ठाणे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले की या कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्रभर नाटक करतात. तेथे नट नावाजलेला असो नसो. पेटी, तबला, पडदा, दिवे आणि नट यांची गाठ पक्की नसेल तर पहाटेपर्यंत मांडव थांबत नाही. ‘कंपनी फुटली’ या दोन शब्दांचा अर्थ तेथे लहान मुलालाही कळतो. हॉटेलही फुटते. फक्त त्यासाठी शब्द नाही.

आता कारभाराकडे पाहू. या संस्थांत संचालक मंडळ कामगारांतून, कामगारांच्या मतांनी निवडले जाते. नव्या माणसाने खालच्या कामापासून सुरुवात करायची: टेबल पुसणे, भांडी, मग वाढणे, मग स्वयंपाक किंवा गल्ला, मग शाखेची देखरेख. याचा परिणाम वरवर दिसतो त्याहून खोल आहे. देखरेख करणारा स्वतः मोरीवर उभा राहिलेला असल्यामुळे वाट्या का संपल्या हे त्याला विचारावे लागत नाही. मालकाचा भाचा एकाएकी गल्ल्यावर येऊन बसत नाही, कारण मामाच नाही. आचाऱ्याची कृती आचाऱ्याबरोबर जात नाही. केरळातील कॉफी हाउसचे बीट घातलेले लालभडक कटलेट कोणत्याही शाखेत तसेच लागते, ते त्यामुळेच. आणि वाढप्याच्या उभे राहण्यात एक फरक पडतो, तो जुन्या गिऱ्हाइकांनी फार पूर्वी टिपला आहे. तो घाई करीत नाही. एका कपावर दोन तास वाद घालणाऱ्याला उठवत नाही. ज्या हॉटेलात टेबल लवकर रिकामे करण्याचा हुकूम वरून येतो, तेथे तो हुकूम वाढप्याच्या तोंडून गिऱ्हाइकापर्यंत जातो. येथे वरून हुकूम देणारा कोणी नव्हता. कोलकात्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गप्पांचे श्रेय नेहमी गप्पा मारणाऱ्यांना मिळते. अर्धे श्रेय टेबल न उठवणाऱ्यांचे आहे.

तिरुवनंतपुरमला बसस्थानकाजवळ लॉरी बेकर यांनी बांधलेले कॉफी हाउस आहे. विटांचा गोल मनोरा आणि आत मळसूत्रासारखी चढत जाणारी वाट. तिच्याच कडेने टेबले. तेथे वाढप्याला सपाट जमीन मिळतच नाही. तबक हातात घेऊन चढायचे आणि रिकाम्या बशा घेऊन उतरायचे, अरुंद वाटेवर समोरून दुसरा येत असतो, आणि कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरलेले असते. जुळणीचे इतके उघड प्रात्यक्षिक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

हे सगळे वाचून कॉफी हाउस म्हणजे कामगारांचा स्वर्ग असे कोणाला वाटू लागले असेल, तर तसे नव्हते. निवडणूक आली की गट येतात. काल ज्या संघटनेने बोर्डाविरुद्ध घोषणा दिल्या, तिचीच माणसे आज संचालक झाली. मग पगार कमी वाटला तर घोषणा कोणाविरुद्ध द्यायच्या, हा पेच कधीच पूर्ण सुटला नाही. वरची जागा ज्येष्ठतेने मिळत असल्यामुळे हुशार तरुणाला वाट पाहावी लागे, आणि पदार्थांची यादी तर वर्षानुवर्षे तीच राही. सर्वांत मोठी उणीव वेगळीच होती. ज्या संस्थांनी समतेची भाषा केली, त्यांच्या जेवणघरांत वाढपी म्हणून स्त्री दीर्घकाळ जवळपास दिसतच नव्हती. बंधुत्व होते, पण ते शब्दशः बंधूंचे होते.

दरवेळी सगळे टिकलेही नाही. दिल्लीत कनॉट प्लेसमधील गजबजलेले कॉफी हाउस आणीबाणीत १९७६ मध्ये पाडले गेले. सरकारविरोधी गप्पांचा अड्डा म्हणून त्याची ख्याती होती. पुढे कॉफी हाउस जवळच्या मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर नांदू लागले. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरील जागा २००९ मध्ये सोडावी लागली, तेव्हा तेथील मंडळी उठून चर्च स्ट्रीटवर गेली आणि तोच फेटा, तीच कॉफी घेऊन पुन्हा उभी राहिली. जुन्या गिऱ्हाइकांनी जुन्या भिंतींसाठी हळहळ व्यक्त केली, आणि मग ती नव्या पत्त्यावर आली. जबलपूरच्या संस्थेने तर वेगळाच मार्ग काढला. शहरांपुरते न राहता ती मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील कोळसा आणि वीज प्रकल्पांच्या वसाहतींत पोहोचली. चंद्रपूर हाही कोळशाचा आणि विजेचाच जिल्हा. त्यामुळे तिचा विस्तार पाहताना हा जिल्हा डोळ्यांपुढे येतोच.

महाराष्ट्रात हॉटेलच्या कामगाराची जी प्रचलित यशोगाथा आहे, ती या गोष्टीच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यातून पोरवयात मुंबईला यायचे, हॉटेलात भांडी घासायची, रात्रशाळेत शिकायचे आणि शेवटी स्वतःचे हॉटेल काढायचे. माटुंग्यात १९४२ मध्ये खाणावळ सुरू करणारे ए. रामा नायक हे याचे ठळक उदाहरण. त्यांचीही सुरुवात दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांतच झाली होती. ही कथा खरी आहे आणि आदराचीही आहे. पण ही शिडी एका वेळी एकालाच वर नेते, आणि वर पोहोचलेला मालक होतो. खाली मोरी तशीच राहते, त्यावर नवा पोऱ्या येतो. कॉफी हाउसच्या शिडीवरून कोणीही फार उंच गेले नाही. पण शिडीच सर्वांच्या मालकीची होती.

गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांची गोष्ट आणखी वेगळी. गिरणी कामगारांना त्या घरात जेवू घालत, पैसे पगाराच्या दिवशी मिळत, तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या दराने. त्या सगळ्या एकच काम करीत होत्या, पण प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तेव्हा या बायका एकमेकींच्या हमीवर बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचल्या. आधी काम एकत्र होते आणि मग मालकी आली, ही कॉफी हाउसची वाट. येथे आधी पत एकत्र आली आणि मग सामाईक स्वयंपाकघर आले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यालाही हा विचार परका नाही. जंगलतोडीच्या ठेकेदाराला बाजूला सारून मजुरांच्याच संस्थांना कूप द्यायचे, या कल्पनेवर जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. मुंबई प्रांतात त्यांची सुरुवात १९४७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या काळात झाली आणि पुढे त्या या जंगलांतही आल्या. त्यांतल्या किती खऱ्या अर्थाने मजुरांच्या राहिल्या, हा वादाचा विषय आहे. तरी कूप तोडणाऱ्यांची टोळी ही एक जुळणी आहे आणि तिला कायद्यात नाव असावे, एवढे तरी या मुलखाने मान्य केलेले होते. ताट वाढणाऱ्यांच्या टोळीबद्दल तसा विचार येथे झाला नाही.

सध्याचा कायदा काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील हॉटेले आणि उपाहारगृहे पूर्वी १९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली येत. त्याच्या जागी २०१७ चा अधिनियम आला आणि त्याच्या बहुतेक तरतुदी सुरुवातीला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाल्या. दहापेक्षा कमी माणसांच्या हॉटेलाने फक्त आपण आहोत एवढे कळवायचे, असा तेव्हाचा नियम होता. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या गावांतील भोजनालयांत आणि बारमध्ये मोजून पाहिले तर बहुतेक ठिकाणी आकडा सहा, सात, फार तर आठवर थांबेल. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नवी संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे लागतात. म्हणजे एका हॉटेलातली जुळणी सहकाराच्या दारापाशी दोन ते चार माणसांनी कमी पडते. शेजारच्या हॉटेलातली माणसे बरोबर घेतली तर दहा होतात. १९५७ मध्ये बंगळूरच्या मंडळींनाही एका हॉटेलाच्या भिंतीत राहून ते जमले नसते.